दसऱ्याला घालायचे, पाडव्याला काढायचे

फोन आला तेव्हा मी बनियनवर बसून जुन्या कॅलेंडरनं वारा घेत होतो. दसरा होऊन चार दिवस झालेले. दिवसभर पत्र्यावर तापलेलं ऑक्टोबरचं ऊन रात्री घरात उतरलं होतं. आमचे साडेदहा, पुतण्याचे सात. तो म्युनिकच्या दक्षिणेला, खिडकीतून आल्प्स दिसेल अशा गावात राहतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत दोन वर्षं काढली आणि त्याच कास्टिंगचं बोट धरून पोरगं तिकडं गेलं.

"काका, गाडी घेतली."

"कुठली रे?"

"बीएमडब्ल्यू. थ्री सिरीज. जुनी हाय, 2010 ची. तिसऱ्या हातातली."

तिसऱ्या हातातली असली तरी बीएमडब्ल्यू ती बीएमडब्ल्यू. मी आईला हाक मारली. तिनं आधी रंग विचारला, मग नारळ फोडलास का विचारलं, मग झोपायला गेली. ती गेल्यावर पोरानं खरा मुद्दा काढला. "काका, ही मागच्या चाकावर चालतीया. इथली पोरं भ्या घालाय लागलीत. बर्फात मागच्या चाकाची गाडी म्हणजे टायर बघून घे म्हणत्यात. तुम्हाला विचारावं म्हटलं."

बर्फ मी बघितलाय तो भुशात गुंडाळलेल्या लाद्यांचा आणि मासळी बाजारातल्या सुरमईखालचा. आमची थंडी म्हणजे स्वेटर घालून रंकाळ्यावर भेळ खायला जायचं निमित्त. तरी पोरगं मला विचारत होतं, आणि त्यात वावगं असं काही नव्हतं. मागचं चाक ही आमच्या घरची विद्या आहे.

माझे वडील, आबा, एका साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या ॲम्बॅसिडरवर ड्रायव्हर होते. त्या काळात आमच्या जिल्ह्यात पांढरी ॲम्बॅसिडर दिसली की लोक आधी बाजूला व्हायचे आणि मग आत कोण बसलंय ते बघायचे. इंजिन पुढं, जोर मागं, मागच्या ॲक्सलखाली कमानपाटे आणि 5.90-15 मापाचे उंच, अरुंद, नायलॉनचे टायर. फियाट तशीच, जीप तशीच, एसटी तशीच, ट्रक तसेच. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 येईपर्यंत पुढचं चाक गाडी ओढतं ही कल्पनाच आमच्याकडं कुणाला नव्हती. एक मॅटाडोर तेवढी पुढच्या चाकावर चालायची, आणि मागं माल भरून चढाला लागली की पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायची. आबा तिला 'उलट्या डोक्याची' म्हणत.

मागच्या चाकाचं गणित तसं सोपं आहे. वळवायचं काम पुढच्यांचं, ढकलायचं मागच्यांचं. चढावर गाडीचं वजन मागं सरकतं आणि ढकलणाऱ्या चाकांवर येऊन बसतं, म्हणून कोरड्या चढाला ही गाडी बरी. पण मागच्यांनी पकड सोडली की शेपूट बाहेर जातं, आणि शेपूट बाहेर गेलं की ज्याला सवय नाही तो नेमका ब्रेक दाबतो. आबा म्हणायचे, "गाडी हातानं न्हाई, कंबरंनं चालवायची. पुढचं चाक सुटलं तर हाताला कळतं, मागचं सुटलं तर कंबरंला. आणि कंबरंला आधी कळतं." चौदा-पंधराव्या वर्षी हे ऐकताना मला त्यात चावटपणा वाटायचा. पुढं ओमनी घेतली तेव्हा कळलं की ही शुद्ध यंत्रशास्त्राची गोष्ट आहे. मागची चाकं सरकली की गाडी ड्रायव्हरच्या बुडाखालून फिरायला लागते. स्टिअरिंग तोवर अगदी निरागस असतं.

पावसाळ्यात आबा डिकीत वाळूची दोन पोती ठेवायचे. गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला कारण सांगायला नको. करूळ घाटात वरून पाणी, खालून पाणी, मध्ये शेवाळ. चेअरमनांनी एकदा विचारलं, "ही पोती कशाला रे?" आबा म्हणाले, "तुमी मागं बसताय साहेब, तवर ठीक हाय. तुमी उतरल्यावर मला कोण दाबून धरणार?" हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की आता चेअरमनांचं वजनसुद्धा दरवेळी चार-पाच किलोनं वाढतं.

आणि ट्रॅक्टरवाल्यांना तर हे शिकवायलाच नको. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. पुढं 6.00-16 चं नुसत्या धारांचं चाक, कारण त्याला फक्त दिशा धरायची आहे. मागं 13.6-28 चं उंच खांबांचं चाक, आणि त्याच्या ट्यूबमध्ये हवेबरोबर पाणी भरलेलं, वजनासाठी. म्युनिकची पोरं बर्फासाठी जे शास्त्र पुतण्याला सांगत होती, त्यातलं निम्मं आमच्या फडावरचा कुठलाही ट्रॅक्टर ड्रायव्हर तंबाखू मळता मळता सांगेल.

तर या सगळ्या वारशाच्या जोरावर मी फोनवर ठासून सांगितलं, "सोपं हाय. मागं दोन नवीन हिवाळी टायर टाक. पुढं हायत ते असू देत. जोर मागं, तर खर्च बी मागं."

"बरं काका," म्हणून त्यानं फोन ठेवला. मी दिवा मालवला, आडवा झालो आणि मला गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळे गावाजवळचा ऊस आठवला.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. नोव्हेंबर, गळीत हंगाम नुकता सुरू झालेला, आणि मध्येच एक अवकाळी सर पडून गेलेली. उसाच्या ट्रॉल्या शेतातून रस्त्यावर येताना चाकांबरोबर काळी माती आणतात. ती वाळली की नुसती धूळ. भिजली की साबण. मी ओमनी घेऊन गगनबावड्याहून परत येत होतो. आठच दिवसांपूर्वी मागं दोन नवीन टायर टाकले होते, पुढचे गोटा झालेले. तेव्हाही हाच हिशोब: जोर मागं, खर्च मागं. कळ्याच्या अलीकडं एक साधं डावं वळण आहे. मी स्टिअरिंग वळवलं. मागच्या नव्या चाकांनी इमानेइतबारे ढकललं. पुढच्या चाकांनी मान वळवली, पण रस्ता काही धरला नाही. गाडी सरळ, अगदी शिस्तीत, उसात गेली. कंबरेला काहीच कळलं नाही, कारण मागं काही सुटलंच नव्हतं. हाताला कळलं, ते उसाची पानं काचेवर आल्यावर. शेतकरी बांधावरून चालत आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाव्हनं, ऊस तोडायला कोयता आणायचा असतोय."

रात्री साडेअकराला मी पोराला परत फोन लावला. चारही. चारही टायर एकाच जातीचे. मागं दोन हिवाळी आणि पुढं दोन उन्हाळी घातलेस तर बर्फात गाडी जोमानं पुढं जाईल, पण वळणार नाही आणि थांबणार नाही. थांबण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात, कारण ब्रेक दाबला की वजन पुढं धावतं. उलट पुढंच हिवाळी आणि मागं उन्हाळी घातलेस तर पुढचं टोक थांबेल आणि मागचं टोक त्याला ओलांडून जायला बघेल. एकाच जातीच्या टायरमध्ये एक जोडी जास्त झिजलेली असेल तर चांगली जोडी मागं टाकावी, हे बरोबरच आहे, आणि टायर बनवणारेही तेच सांगतात. माझ्या पहिल्या सल्ल्यात तेवढा सत्याचा अंश होता. पण जात बदलली की तो हिशोब चालत नाही.

"मला माहीत हुतं काका," पोरगं म्हणालं. "तुम्हीच परत फोन करताय का बघत हुतो."

कोल्हापूरचंच पाणी.

पुढचे दोन आठवडे आमचे रोज रात्री फोन झाले. भावाला वाटलं काही आजारपण चाललंय आणि आम्ही लपवतोय.

पहिला प्रश्न माझाच होता: टायर तो टायर, हिवाळ्याचा वेगळा कशाला? खाचा खोल हव्यात इथवर माझी समजूत होती. पण खरी गोष्ट खाचांच्या आधी रबराची आहे. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यावर टिकावं म्हणून घट्ट केलेलं असतं. पारा साधारण 7 अंशांच्या खाली गेला की ते ताठ व्हायला लागतं. सात हा आकडा काही बटण नव्हे, एक ढोबळ रेघ आहे. ताठ रबर रस्त्याच्या खडबडीत अंगात शिरत नाही, वरून घसरत जातं. मला हे कळलं ते गुळावरून. शाहूपुरीतल्या अडतीत गुळाचा रवा ज्यानं थंडीत फोडलाय आणि पावसाळ्यात हाताळलाय, त्याला एकच पदार्थ दोन स्वभावांचा असतो हे माहीत आहे. थंडीत दगड, पावसाळ्यात पाझर. हिवाळी टायर म्हणजे थंडीतही मऊ राहील असा बांधलेला गूळ. त्यासाठी रबराच्या मिश्रणात सिलिका आणि काय काय घालतात. आणि म्हणूनच तो टायर उन्हाळ्यात चालवायचा नाही. आमच्या एप्रिलात तो हायवेवर खोडरबरासारखा झिजेल, आणि ब्रेकला गाडी लांब जाऊन थांबेल ते वेगळंच.

आई हे ऐकत बसलेली असायची. म्हणाली, "म्हणजे गाडीला स्वेटर घालत्यात म्हण की." मी तिला नीट समजावायला गेलो, नाही, आतून मऊ ठेवायचं असतं वगैरे. मग लक्षात आलं, स्वेटरसुद्धा त्यासाठीच असतो.

जर्मनीत यावर कायदा आहे, पण त्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायर हवेतच, नाहीतर 60 युरो दंड आणि लायसनच्या खात्यावर एक पॉइंट. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण पाहिजे. नुसतं 'एम अँड एस', म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. कायद्यात तारीख नसली तरी लोकांच्या तोंडी एक म्हण आहे, 'ओ ते ओ'. ऑक्टोबर ते ईस्टर, आणि त्यांच्या भाषेत दोन्ही शब्द 'ओ'नं सुरू होतात. पोरानं तिचं भाषांतर केलं: "दसऱ्याला घालायचे, पाडव्याला काढायचे." आईला हे इतकं पटलं की तिच्या लेखी आता जर्मनीत खंडेनवमी पाळतात.

खाचांबद्दलची गोष्ट मला सगळ्यात आवडली. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर कोयत्याच्या पात्यानं ओढाव्यात तशा बारीक नागमोडी चिरा असतात, शेकड्यांनी. चाक टेकलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावतात. इथवर ठीक. पण मोठ्या खाचांत बर्फ भरून बसतो आणि तो बसायलाच हवा, कारण बर्फ बर्फाला धरतो. मूठभर भुरभुरीत हिम दाबलं की त्याचा गोळा होतो, तेच तत्त्व. आमच्या चिखलात नेमकं उलटं. ट्रॅक्टरच्या खांबांमध्ये काळी माती भरली की चाकाचा गोटा होतो आणि ड्रायव्हर उतरून पहारीनं माती उकरतो. म्हणजे दिसायला दोन्ही ठिकाणी नक्षी भरलेलं चाक, पण तिथं ते धरतं आणि इथं सोडतं. मी पोराला "खाचा साफ ठेव" असं सांगणारच होतो. एक सल्ला उसात घालून झाला होता, म्हणून या वेळी आधी विचारून घेतलं.

मग आला मापाचा प्रश्न, आणि खरी भांडणं तिथं झाली.

गाडीबरोबर आलेली चाकं 18 इंची होती. पुढं 225/40, मागं 255/35. मागची रुंद. मागच्या चाकाच्या ताकदवान गाड्यांना अशी वेगवेगळ्या मापाची जोडी देतात. दिसायला जबरी. पैलवानाच्या मांड्यांसारखी. पोराच्या मनात तीच चाकं ठेवून त्यांच्यावर हिवाळी टायर चढवायचे होते. मी म्हटलं, लहान घे. 16 इंची, 205/55, चारही सारखी.

"काका, सायकल दिसंल."

"दिसू दे."

हा आकड्यांचा प्रकार एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि मधलं भोक इंचांत, इतका तीन घरचा संसार टायरशिवाय दुसऱ्या वस्तूत मी तरी बघितलेला नाही. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. 255/35 R18: 255 चे 35 टक्के म्हणजे 89.25, वर आणि खाली मिळून 178.5, अधिक 18 इंचांचे 457.2, एकूण 635.7 मिलिमीटर. 205/55 R16: 205 चे 55 टक्के 112.75, दोन्हीकडचे 225.5, अधिक 406.4, एकूण 631.9. फरक चार मिलिमीटरचासुद्धा नाही. डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो तो धातूचा भाग, दोन इंचांनी लहान झाली, टायरची भिंत तेवढी उंच झाली, बाहेरचं चाक तेवढंच राहिलं. स्पीडोमीटरला पत्ता लागणार नाही. लहान डिस्क म्हणजे लहान चाक, हा जो माझा पन्नास वर्षांचा समज होता, तो कॅलेंडरच्या एका पानावर संपला.

आता अरुंद कशाला? आमच्याकडं तर रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे बाळकडू. त्यात गंमत अशी की गाडीचं वजन आणि टायरमधली हवा तीच असेल, तर रस्त्याला टेकणाऱ्या रबराचा तुकडा रुंद आणि अरुंद टायरमध्ये क्षेत्रफळानं जवळपास सारखाच राहतो, तळहाताएवढा. बदलतो तो त्याचा आकार. रुंद टायरचा तळहात आडवा, अरुंद टायरचा उभा. मऊ ताज्या बर्फात किंवा पाणथळ चिखलबर्फात आडव्या तळहाताला समोरचा जास्त माल ढकलावा लागतो, नाहीतर तो त्याच्यावर चढून तरंगतो. फावडं आणि खुरप्याचा फरक. खुरपं आत शिरतं. पाण्यावरही तेच, साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. पोरानंही आपली बाजू मांडली: कोरड्या थंड रस्त्यावर ब्रेकला रुंद टायर थोडा बरा असतो, आणि जर्मनीतला बराचसा हिवाळा कोरडा नाहीतर नुसता ओला असतो. खरं आहे. पण मी म्हटलं, तुझं गाव डोंगराच्या पायथ्याला आहे, आणि शनिवार-रविवारी तू कुठं जाणार? वर. मग वरचं माप घाल.

चारही सारखी घेण्याचा आणखी एक फायदा आहे. मागची चाकं ढकलून ढकलून लवकर झिजतात. सारख्या मापाची असली की दर हंगामाला पुढची मागं, मागची पुढं करता येतात. 225 आणि 255 ची अदलाबदल होत नाही.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतला एक पोरगा होता. साध्या हॅचबॅकला त्यानं 17 इंची रुंद अलॉय आणि पापडाएवढ्या उंचीचे टायर बसवले. आठवडाभर गल्लीत सगळे वाकून बघत होते. पावसाळा आला. शहरातल्या एका खड्ड्यात पाणी भरलेलं, खोली कळली नाही. डिस्क वाकली, टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. उंच भिंत ही टायरची उशी असते. ती काढली की खड्ड्याचा धक्का थेट डिस्कच्या कडेला आणि तिथून सस्पेन्शनला. जर्मनीतही हिवाळ्यात डांबरात पाणी शिरून गोठतं, फुगतं आणि खड्डे पाडतं. फरक इतकाच की तिथं ते मार्चनंतर बुजवतात.

लहान डिस्क घ्यायची म्हणून कुठलीही चालत नाही. आत ब्रेकचा कॅलिपर मावला पाहिजे. जास्त ताकदीच्या इंजिनाला ब्रेक मोठे असतात आणि 16 इंची डिस्क त्यावर बसतच नाही. बोल्टांची रचना तीच हवी, त्या गाडीची पाच बोल्टांची, 120 मिलिमीटर वर्तुळाची. मधलं भोक 72.6 चं, हबवर अंगठीसारखं बसणारं. आणि डिस्क आत-बाहेर किती बसते तो ऑफसेटही जुळायला पाहिजे, नाहीतर टायर आत घासतो किंवा मडगार्डच्या बाहेर डोकावतो. ते माप गाडीच्या कागदांत मंजूर असावं लागतं, हे तिकडचं वैशिष्ट्य. इकडं कुणाच्या कागदात टायरचं माप बघितलं जातं? पोरानं कागद काढले. 205/55 R16 त्यात होतं. भांडण मिटलं. पोराची थोडी निराशा झाली असावी.

स्वस्तात म्हणून कुणाचा तरी वापरलेला संच त्याला मिळत होता. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, मी म्हटलं, ते वाच. "3814." म्हणजे 2014 च्या अडतिसाव्या आठवड्यात जन्मलेला. खाचा भरपूर होत्या, पण रबर म्हातारं झालं की खाचा असून काय करायच्या? हे शहाणपण मला विकत मिळालंय. ओमनीला एकदा मी 'नवीन' टायर घेतले, दुकानाचं नाव कशाला सांगू, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात कडेला भेगा पडल्या. तेव्हा कुणीतरी ते चार आकडे वाचायला शिकवलं. माझे नवीन टायर दुकानातच सहा वर्षांचे झाले होते.

शेवटी त्यानं नवेच घेतले. काळ्या लोखंडी डिस्कवर, 205/55 R16 91H. यातल्या 'एच'चा अर्थ ताशी 210 पर्यंत. गाडी त्याहून जास्त पळते, तर तिकडं असा नियम आहे की हिवाळी टायर कमी वेगाचे चालतील, फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर '210' असं स्टिकर चिकटवायचं. मला ते स्टिकर हवंय. माझ्या ओमनीला लावेन.

किमान खाच किती, यावर मात्र मी जरा वरमलो. जर्मनीतला कायदा 1.6 मिलिमीटर सांगतो, कारसाठी आपल्याकडंही तोच आकडा आहे. पण हिवाळी टायर 4 मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात त्याचा उपयोग फारसा राहत नाही, आणि सीमेपलीकडं ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यावर चारच्या खाली तो हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. आम्ही चार मिलिमीटर शिल्लक असलेल्या टायरला 'अजून नवाच हाय की' म्हणतो.

डिकी उघडून दाखवली तेव्हा मला खरा धक्का बसला. स्टेपनी नाही. त्या गाडीला कंपनीकडून ताठ भिंतींचे, हवा गेली तरी काही अंतर पळतील असे टायर मिळायचे, म्हणून स्टेपनीची जागाच ठेवलेली नाही. नवे हिवाळी साधे घेतलेत, तर आता पंक्चरचा फेस आणि छोटा पंप. स्टेपनी नसलेली गाडी म्हणजे काठी नसलेला म्हातारा. पण मोकळी डिकी बघून त्यालाच आठवलं. "काका, आबांची दोन पोती टाकू का वाळूची?"

मी बराच वेळ विचार केला. तिकडचेही जुने लोक मागच्या चाकाच्या गाडीत वाळूची पोती ठेवायचे. म्हणजे आबा आणि कुणी बव्हेरियन म्हातारा, एकमेकांना न ओळखता, एकाच निष्कर्षाला आले होते. पण ॲम्बॅसिडरचं मागचं टोक हलकं होतं. या गाडीचं वजन पुढं-मागं जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं आहे. डिकीत शंभर किलो टाकलंस तर चढाला थोडी मदत होईल, पण वळणात तेच वजन लंबकासारखं शेपूट बाहेर ओढेल, आणि बांधलेलं नसेल तर ब्रेकला पुढं येईल. नको टाकू, म्हटलं. बोलून झाल्यावर जरा चुकल्यासारखं वाटलं. आबांचं म्हणणं आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी खोडलं होतं, आणि तो मी होतो.

दुसरंही एक खोडावं लागलं. 'ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर' हा घाटाचा मंत्र. आमच्या घाटात तो सोळा आणे खरा, ब्रेक तापून जाण्यापेक्षा इंजिनानं धरलेलं बरं. पण मागच्या चाकाच्या गाडीत बर्फावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर इंजिन फक्त मागच्या दोन चाकांना धरतं. ती अडतात, घसरतात, आणि शेपूट फिरतं. गिअर उतार लागायच्या आधी बदलायचा आणि क्लच असा सोडायचा की मांडीवर झोपलेलं पोर उठू नये.

टायर बसवताना त्यानं व्हिडिओ कॉल केला. तिकडच्या मेकॅनिकनं हबवरचा गंज ब्रशनं घासला, बोल्ट आधी हातानं लावले, मग मापाच्या पान्यानं 120 न्यूटन-मीटरवर 'कट्' आवाज येईपर्यंत आवळले आणि सांगितलं, पन्नास किलोमीटरनंतर येऊन परत आवळून जा. माझ्या शेजारी आमचा पंक्चरवाला बसला होता, मुद्दाम बोलावला होता. तो पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहून बोल्ट आवळतो, चप्पल न काढता. त्यानं सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "ह्येच्यात दम न्हाई." काढलेली 18 इंची चाकं एका गोदामात गेली, हंगामाचं भाडं देऊन. तिथं त्याला चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. आमच्याकडं जुना टायर पत्र्यावर जातो, पत्रा उडू नये म्हणून.

हिवाळी टायरची सुरुवात फिनलंडची, 1934 साली, ट्रकसाठी. दोन वर्षांनी कारसाठी जो टायर आला त्याला नाव दिलं तिथल्या जुन्या घोडेस्वारांचं, हक्कापेलिटा. हे मी पोराला सांगितलं, कारण तेवढी एकच गोष्ट मला त्याच्या आधी सापडली होती.

पहिला बर्फ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडला. मी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी कामावर नेऊ नकोस, आधी मोकळ्या पार्किंगमध्ये जा, हळू जाऊन ब्रेक दाबून बघ, गोल फिरून बघ. तो गेला. त्या रात्री फोन आला तेव्हा आमच्याकडं कारखान्याच्या मळीचा वास सुटला होता, आणि लांबून ट्रॉलीवाल्यांची गाणी येत होती.

"काका, पार्किंगमध्ये काय झालं न्हाई. गाडी चालली झकास, थांबली बी झकास. पण येताना एका सर्कलला जरा जास्त ॲक्सिलरेटर पडला. वेग काय, वीस असंल."

"मग?"

"डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, गाडीनं स्वतःच जोर कमी केला, सरळ झाली. पण काका..." तो थांबला. "दिवा लागायच्या आधी कंबरंला कळलं."

मी काही बोललो नाही. आई झोपली नव्हती. तिनं आतून विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, काही नाही, बर्फ पडलाय म्हणतोय.

मग मला आठवलं, दहा अंशांनी पारा उतरला की टायरमधली हवा साधारण 0.1 बारनं उतरते, आणि टायर बसवले तेव्हा तिकडं पंधरा अंश होते.

"हवा कधी तपासलीस?"

पलीकडं एकदम शांतता.